सतरा नोव्हेंबरची धार

गुरुवारी सकाळी विमचा फोन आला तेव्हा मृण्मयी लायडनच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या बशा तपासत होती. वहीची पार वाट लागली आहे, लगेच ये, एवढंच तो म्हणाला. शनिवारी उद्घाटन होतं.

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावाच्या पुढे, कालव्याकाठी, फान रोएलांचा कारखाना आहे. होता, म्हणायला हवं. मका आणि गहू आंबवून तिथे ग्रेन व्हिस्की गाळायचे. १९८८ साली एका मोठ्या कंपनीने तो विकत घेतला आणि आठ महिन्यांत कुलूप लावलं. दारू गाळणारे तांब्याचे उंच मनोरे भंगारात गेले, एकशे वीस माणसं घरी बसली. आता २००५ मध्ये तिथे महागडी घरं होणार होती, आणि गावाने फार कुरकुर करू नये म्हणून खालच्या एका खोलीत संग्रहालय. कारखाना मारून टाकल्यावर लोकांना त्याच्या इतिहासाचा भलताच उमाळा येतो, असं मृण्मयीचं मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची.

दोन वर्षांपूर्वी जुन्या यीस्टच्या शोधात ती इथे आली होती. पूर्वी बॉयलर सांभाळणारा आणि आता इमारतीची राखण करणारा विम तिला एका कपाटापाशी घेऊन गेला. त्यात मराठी नोंदींची ती वही निघाली. ८२ सालच्या ज्या व्हिस्कीसाठी शौकीन जीव टाकतात, ती कारखान्याचे मालक म्हातारे फान रोएल यांनी केली, असं सगळीकडे छापलेलं होतं. वही वेगळंच सांगत होती. ती धार, म्हणजे भट्टीतून उतरलेली दारू, पुण्याहून आलेल्या मोरेश्वर खांबेटे नावाच्या माणसाने काढली होती. कंपनीच्या कागदांवर तो नुसता ‘सहायक’. सहा महिने भांडून मृण्मयीने संग्रहालयाच्या समितीकडून मान्य करून घेतलं की पाटीवर खांबेट्यांचं नाव येईल. अट एकच. पुरावा म्हणून वही पाटीखाली काचेच्या पेटीत हवी.

आणि आता ती वही धान्य भिजवायच्या जुन्या हौदात पडली होती. शाई सगळी विरघळून पाणी निळं झालं होतं.

पेटी फोडलेली नव्हती, किल्लीने उघडलेली होती. किल्ल्या तीन. एक विमकडे, एक म्हाताऱ्याचा नातू यानकडे, एक खुद्द खांबेट्यांकडे; दोन वर्षांत मृण्मयी त्यांना काका म्हणू लागली होती. मंगळवारी संध्याकाळी विमने वही पेटीत पाहिली होती; बुधवारी तो सुट्टीवर, मुलीकडे गेलेला.

मृण्मयीने वही अलगद उघडली. पहिलं पान नव्हतं. ते ब्लेडने नीट, शिवणीलगत कापलं होतं. बाकीची पानं जशीच्या तशी बुडवलेली.

त्या पानावर पुराव्याचं काहीच नव्हतं. नवीन वही सुरू करताना काका पहिल्या पानावर फक्त ‘श्री’ लिहायचे आणि हळदकुंकू वाहायचे.

ती वर यानकडे गेली.

“काल दिवसभर कुठे होतास?”

“इथेच. घरांचे नकाशे दाखवत होतो.”

“वही नसेल तर पाटीवर नाव कुणाचं?”

“माझ्या आजोबांचं. तुला माझ्या तोंडून तेच ऐकायचं होतं ना?”

“पहिलं पान कुठे आहे?”

“ते लाल डागाचं? मी तर आधीच सांगितलं होतं, काढून टाका, जॅम सांडल्यासारखं दिसतं. तुम्ही ऐकलं नाहीत.”

याला एक ठेवून द्यावी असं तिला फार वाटलं. पण बसमध्ये बसल्यावर डोकं थंड झालं. ज्याला तो जॅमचा डाग वाटतो, तो असलं पान कापून टोपलीत टाकेल, आणि टोपल्या तर विमने सगळ्या उपसल्या होत्या. हे पान कुणी फेकलं नव्हतं. वाचवलं होतं.

बेस्टमध्ये काकांच्या डोळ्यावर पट्टी होती. बुधवारी दुपारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सरलाकाकूंना गाडी येत नाही, म्हणून शेजारच्या श्रीकांतने त्यांना आइंडहोवनला नेलं आणि दिवसभर तो तिथेच थांबला. काकू घरी होत्या. काकांचा किल्ल्यांचा जुडगा दाराशी खिळ्याला अडकवलेला होता, नेहमीसारखा.

काका खचले होते. पानं वाळवून काही वाचता येईल का, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. “चौदा वर्षं काढली गं तिथे. एक पाटी मागितली फक्त,” ते म्हणाले.

काकूंनी चहा आणला. मृण्मयी आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. तशा त्या रविवारीही बोलल्या नव्हत्या. मृण्मयी त्यांना हौसेने पेटी दाखवायला घेऊन गेली होती. काकूंनी चष्मा पुसून उघडं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घरी येईपर्यंत गप्प राहिल्या. नवऱ्याच्या अभिमानाने गहिवरल्या असतील, असं तिला वाटलं होतं.

ते पान मृण्मयीनेच निवडलं होतं, कारण त्यातली शेवटची ओळ झकास होती. तिचं डच भाषांतर करून तिने काचेवर चिकटवलं होतं. सगळी नोंद तिला पाठ होती. ‘१७ नोव्हेंबर १९८२. सकाळी दहा. तार आली. धार चालू ठेवली. आजच्यासारखी धार पुन्हा येणे नाही.’ तार कंपनीच्या कचेरीची असेल, असं ती धरून चालली होती.

देवघराच्या वर अरुणचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. काकूंचा एकुलता एक भाऊ, काविळीने गेला. हा फोटो तिने दहादा पाहिला असेल. आज तिने त्याखालची तारीख वाचली. १६ नोव्हेंबर १९८२.

तिने कप खाली ठेवला.

“काका, त्या दिवशी तार कुणाची आली होती?”

काकूंच्या हातातला चमचा थांबला.

“यानला वही नको होती, पण त्याने ते पान टाकून दिलं असतं,” मृण्मयी म्हणाली. “पान जपणारा माणूस आपल्यातलाच. ज्याला श्री आणि कुंकू पाण्यात बुडवायचा धीर झाला नाही. काका, तुम्ही स्वतःचं नाव कशाला बुडवाल, आणि काल तुम्ही हॉस्पिटलात होतात. किल्ली इथे खिळ्याला होती. रविवारी काकूंनी सतरा नोव्हेंबरचं पान वाचलं.” मग ती काकूंकडे वळली. “पहिलं पान देवघरात आहे ना, काकू?”

काकू उठल्या. देवांच्या खालचं वस्त्र उचललं आणि घडी केलेला कागद तिच्यासमोर ठेवला.

“त्या दिवशी भाऊबीज होती,” त्या म्हणाल्या. “भाऊ लांब, म्हणून चंद्राला ओवाळायचं. चंद्र कुठला दिसतोय इथे, ढगालाच ओवाळलं. अरुणला उदंड आयुष्य मागितलं. हे माझ्या मागे उभे होते. तार खिशात. दुसऱ्या दिवशी दिली, आत्ताच आली म्हणून. तेवीस वर्षं मी तेच खरं धरून चालले.”

“धार मध्येच तोडता येत नाही,” काका पुटपुटले. “दुसरं कुणी सांभाळणारं नव्हतं. चार दिवसांचा माल वाया गेला असता. आणि संध्याकाळी तू ताट घेऊन उभी होतीस, मला सांगवेना. तो तर गेलाच होता, सरला. तुला सांगून काय झालं असतं?”

“मला रडता आलं असतं.”

मृण्मयीला तिथून पळून जावंसं वाटलं. पान तिने निवडलं होतं, काकूंना तिथे तिनेच नेलं होतं. गुन्हेगार सापडला, याचा तिला जराही आनंद झाला नाही.

काकांनी चाचपडत फोन ओढून घेतला आणि विमला डचमध्ये सांगितलं की वही मीच भिजवली, मला पाटी नको. काकूंनी त्यांना थांबवलं नाही. त्या कप उचलून आत गेल्या.

शनिवारी पाटीवर फान रोएल हे नाव होतं. ८२ ची व्हिस्की छोट्या पेल्यांतून फिरली आणि यान आजोबांबद्दल बराच वेळ बोलला. रिकाम्या पेटीवर मृण्मयीने चिकटवलेली ओळ तशीच होती. ती तिने नखांनी खरवडून काढली, मग एक पेला उचलून प्याली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. आयुष्यभर ते व्हिस्की फक्त हुंगत आले होते, एक थेंब कधी चाखला नव्हता.

“आवडली का गं लोकांना?” त्यांनी हळूच विचारलं.

बेचव होती, असं सांगावं, असं मृण्मयीच्या अगदी ओठांवर आलं. पण तशी ती पुन्हा कुणाला जमली नव्हती, हे खरंच होतं, म्हणून ती हो म्हणाली.