नावाचे बिबडे

“शेठजी, एवढं मोठं घर रिकामं पडलंय, आणि तुम्ही दुकानावरच्या दोन खोल्यांत का राहता?”

ही पैज नसीमची. “पमे, वक्तृत्वाची ढाल फळ्यासमोर उभं राहून कुणीही जिंकेल. घेवरचंद शेठला हे विचारून दाखव, तर मानलं तुला!” वर्गातल्या चौघीजणी समोरच्या रसवंतीत तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या, आणि मी कापडाच्या दुकानाच्या पायऱ्या चढून एका दमात विचारून टाकलं.

शेठजी रागावले नाहीत. हातातली कात्री त्यांनी बाजूला ठेवली.

“तुझेच आबा ते घर घेताहेत ना?”

“घेताहेत कुठे? बघताहेत.”

समोरच्या कापडाची त्यांनी घडी घातली. “घर चांगलं आहे, बेटी. आम्हीच माणसं कमी पडलो.”

बाहेर येऊन मी हे सांगितलं तेव्हा नसीमनं कपाळाला हात लावला. “एवढंच? चारही मुलगे धुळ्याला नि मालेगावला गेले त्यांचे. सगळ्या चोपड्याला ठाऊक आहे.” तरी पैजेचा रस तिनं पाजलाच.

तो एकाहत्तर सालचा एप्रिल होता. माझी दहावीची परीक्षा संपली होती; पुढचं अकरावीचं वर्ष मॅट्रिकचं. आम्ही तीन खोल्यांत आठ माणसं राहत होतो: आजोबा म्हणजे आबा, वडील म्हणजे भाऊ, आई, काका-काकू, मी, माझा धाकटा भाऊ सुपडू आणि काकूचा दोन वर्षांचा गिरधर. काका नरडाण्याला रेल्वेत होते, शनिवारी यायचे. त्यांना तिथं क्वार्टर मिळत होतं. मोठं घर झालं नाही, तर जूनमध्ये काकू गिरधरला घेऊन तिकडे जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. गिरधर मांडीवर असल्याशिवाय आबांच्या घशाखाली घास उतरत नसे. ते फक्त एवढंच म्हणाले होते, “मी आहे तोवर एकच चूल असू द्या रे.”

भाऊंचं मन होत नव्हतं. एवढं चांगलं घर सहा वर्षं कुणी का घेतलं नाही, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी ते मला म्हणाले, “आई नि काकू उद्या तिथं वाळवणाचे बिबडे घालणार आहेत. तूही जा. दिवसभर डोळे उघडे ठेव आणि संध्याकाळी मला सांग. तू म्हणशील तसं करू.”

तू म्हणशील तसं! मी त्या रात्री झोपलेच नाही. माडीवरची पूर्वेची खोली माझी, हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

बिबडे घालून घर पारखायची कल्पना आईची. ऊन किती येतं, विहिरीला पाणी किती, चूल कशी ओढते, धाब्यावर, म्हणजे वरच्या सपाट छतावर, वारा कसा खेळतो, हे सगळं एका दिवसात कळतं. शेजारच्या लताबाईंकडे किल्ली होती. त्यांनी कुलूप काढलं, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

घर पाहून काकू हरखलीच. मधे फरसबंद अंगण, कडेला विहीर, सागाचे खांब, माडीला जाळीची खिडकी. धूळ कुठेच नव्हती. मी कोनाड्यातून बोट फिरवलं, बोट स्वच्छ.

“लताबाई, तुम्हीच झाडून घेता वाटतं?” आईनं दारातून विचारलं.

“मी? नही वो माय. सहा वरीस झायात, कुलूप उघाडेल नही.” आणि मग घाईघाईनं, “घर चांगलं शे. बठ्ठं चांगलं शे.”

ज्वारीचा भरडा आईनं तीन दिवस भिजवून आंबवला होता. खालच्या चुलीवर तिनं लसूण, तीळ, मिरची घालून घाटा शिजवला. चुलीचा धूर सरळ वर गेला. मग दोघी धाब्यावर गेल्या. जुनी लुगडी ओली करून अंथरायची आणि घाट्याचा गोळा ओल्या तळव्यानं गोल फिरवत पातळ पसरायचा, असं ते काम. आई एका टोकाला, काकू दुसऱ्या. मी गरम घाट्याची बादली घेऊन जिना चढत-उतरत होते.

पहिल्यांदा वर गेले तेव्हा लुगडी वाऱ्यानं उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले दिसले. मला वाटलं, काकूनं ठेवले. काकूला वाटलं, मी.

कुणाचा बिबडा कुणी घातला, हे आमच्याकडे लहान पोरालाही ओळखता येतं. हात फिरवलेल्याच्या रेघा त्यावर उमटतात. आईच्या रेघा दाट, काकूच्या विरळ. दोघींच्याही उजवीकडे वळत जाणाऱ्या.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे. शेवटच्या लुगड्यावर आई प्रत्येकाच्या नावाचा एकेक बिबडा घालते. मोठ्यांचे मोठे, पोरांचे वयाप्रमाणे लहान होत जाणारे. आबांचा सगळ्यात आधी आणि बिनमिरचीचा. त्यांना दात नाहीत म्हणून इतका पातळ की खालच्या लुगड्याचे चौकडे त्यातून दिसावेत. या बिबड्यांना इतर कुणी हात लावायचा नाही.

अकराच्या सुमाराला मी शेवटची बादली वर नेली. आई शेवटच्या लुगड्यापाशी उभी होती.

“जयवंता,” ती काकूला म्हणाली, “नावाचे तू घातलेस?”

“मी कशाला घालू, वहिनी? ते तुमचं काम.”

लुगड्यावर एक ओळ होती. चार मोठे, त्यांच्यापुढे चार लहान. रेघा डावीकडे वळलेल्या. आमच्या घरात डावखुरं कुणी नाही.

“पमे, तुझा चावटपणा?”

मी दोन्ही हात पुढे केले. बादलीच्या कडीनं तळवे लाल झाले होते, पण घाट्याचा कणही नव्हता.

आई हसली. ते हसू काही खरं नव्हतं. “लताबाई येऊन गेली असेल. चार पोरं मोजली बघ तिनं. आपली तर तीनच.”

काकू खाली बसली. तिचा चेहरा एकदम उतरला. “वहिनी,” ती पुटपुटली, “मी अजून ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.”

आईला समजायला एक क्षण लागला. मग तिनं काकूला जवळ घेतलं, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि दोघी एकदम रडायला आणि हसायला लागल्या. चौथं लेकरू! त्या आनंदात ओळीचा विषय मागेच पडला.

मी मात्र ओळीकडे पाहत राहिले. गणितात मला नेहमीच पैकीच्या पैकी. पोरं चार, हे कळलं. पण मोठे पाच हवेत. भाऊ, आई, काका, काकू, आणि आबा. ओळीत चारच होते, आणि चारही सारख्याच जाडीचे.

पातळ बिबडा कुठेच नव्हता.

मी स्वतःला समजावलं की बिबडे म्हणजे काही पंचांग नव्हे. पण चोपड्याचं एप्रिलचं ऊन. तीन वाजेपर्यंत सगळ्या लुगड्यांवरचे बिबडे कडेनं उचलून आले, कडकडीत वाळले. ती आठांची ओळ ओलीच होती. मी एकाला बोट लावलं. गार होतं, विहिरीतून आत्ताच काढलेल्या पाण्यासारखं.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती काकूला खालच्या गार खोलीत निजवून विंझण्यानं वारा घालत होती. काकू झोपेतही हसत होती. हे घर नाही म्हटलं, तर ती जूनमध्ये जाणार, गिरधर जाणार, आणि आबा ताटावर नुसते बसून राहणार. हो म्हटलं, तर त्या ओळीत आबा नाहीत.

मी माडीवर गेले. पूर्वेच्या खोलीत. जाळीतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. भीती वाटत नव्हती, हे खरं सांगते. कुणाकडे तरी पाहुणी गेले आहे आणि यजमान शेजारच्या खोलीत गप्प उभे आहेत, असं काहीसं वाटत होतं. माणसं हवी असलेलं कुणीतरी.

आणि मग मी बोलले. आठवडेबाजारात भाजीवालीशी घासाघीस करावी तशी, ठसक्यात.

“हे बघा, आबांना राहू द्या. जागा कमी पडत असली, तर माझी घ्या.”

काहीच झालं नाही. खाली विंझण्याचा आवाज तेवढा येत होता.

पाच वाजता भाऊंची सायकल अंगणात आली. आईनं खालून हाक मारली, “पमे, वरची लुगडी बघ गं, निघाली का?”

मी एकटीच धाब्यावर गेले. लुगड्याला मागून पाणी मारलं की वाळलेले बिबडे अलगद सुटतात. मी तांब्या घेऊन शेवटच्या लुगड्यापाशी आले.

मोठे पाच होते.

पहिला इतका पातळ होता की त्यातून लुगड्याचे चौकडे दिसत होते. त्याच्या रेघा नुकत्याच फिरवलेल्या, त्यांतलं पाणी अजून चमकत होतं.

लहान तीन. सुपडूचा, गिरधरचा, आणि तो अगदी चिमुकला.

लहानांतला पहिला, माझा, नव्हता. त्या जागी डाग नव्हता, ओल नव्हती. नुसतं कापड, उन्हानं तापलेलं. मी तळवा टेकवला तर चटका बसला.

मी तांब्या तिथेच ठेवला आणि जिना उतरले. एकेक पायरी मोजून उतरले. विचार करायला तेवढाच वेळ होता. ओळीत नाही, म्हणजे या घरात नाही. एवढंच. त्याहून जास्त काही नाही. माणूस घरात नसायला हजार कारणं असतात, आणि त्यांतलं कुठलं, ते मला निवडता येईल. घाई मात्र करायला हवी होती.

भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसून पाय धूत होते. आई त्यांना चौथ्या लेकराची बातमी सांगत होती. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“काय मग, वक्त्या?” भाऊ म्हणाले. “काय ठरवलंत?”

“घर घ्या, भाऊ. पूर्वेची खोली आबांना द्या.” माझा आवाज भाषणात असतो तसा खणखणीत निघाला. “आणि मी मॅट्रिकला जळगावला जाणार, वसतिगृहात. जूनपर्यंत थांबत नाही. तुम्ही इथं राहायला याल, त्याच्या आदल्या दिवशी मला एस.टी.त बसवा.”