नानासाहेबांचं प्रवाळ

वाळूजच्या कारखान्यातून चोरीचा फोन आला, तेव्हा जमादार सर्जेराव नुकतेच बूट काढून बसले होते. विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या बंदोबस्तात पंधरा दिवस उभं राहून पाय सुजले होते. जरा टेकावं म्हटलं तर हे निघालं. कंटाळून त्यांनी बूट पुन्हा चढवले.

मालक नानासाहेबांच्या केबिनमध्ये रस्त्याकडच्या खिडकीला लागून खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. आतलं प्रवाळ मुंबईहून आणलेलं, हिरवंगार, कडेनं जांभळं. चार दिवसांच्या बंदनंतर आज कारखाना उघडला, तर टाकीत तपकिरी मळकट गोळा. खरं नेऊन कुणीतरी हलकं ठेवलं, असं नानासाहेबांचं ठाम मत होतं.

केबिनची चावी बिरूकडे होती. पडेगावचा हा धनगर गडी बंदमध्येही रोज चालत येऊन झाकणाच्या फटीतून माशांना खाणं घालत होता. मॅनेजर बद्रीनाथनं त्याला सकाळी फाटकावर, सगळ्या कामगारांसमोर चोर म्हटलं आणि कामावरून काढलं. बिरू घरी गेला नव्हता. फाटकाशीच उकिडवा बसला होता. सर्जेरावांनी त्याला आत आणलं.

"प्रवाळ कुठंय?"

"हे काय, टाकीत. बुडाला टवका हाय बघा, माज्याच जाळीनं उडाला. मेंढरू रंगावरून नाय वळखत साहेब, कानावरल्या खुणंवरून वळखतेत."

"रंग कधी गेला?"

"बंदच्या दुसऱ्या दिवशी. मॅनेजर साहेबांला सांगितलं, तर म्हणले थंडीनं व्हतं."

"तुझ्याशिवाय आत कोण आलं होतं?"

"त्येच्या आदल्या दिवशी सांच्याला मॅनेजर साहेबच. मला हापशाला पाण्याला धाडलं व्हतं."

सर्जेरावांनी टवका पाहिला. मग टाकीचं झाकण उचललं. आत दोन ट्यूब, दोन्ही पांढऱ्या. एकीवर मिठाची पुटं चढलेली, दुसरी लख्ख कोरी. पूर्वी कोणत्या होत्या, असं त्यांनी विचारलं. एक पांढरी, एक निळी, नानासाहेब म्हणाले. संध्याकाळी फक्त निळी चालू असायची. सर्जेरावांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं आणि बद्रीनाथला त्याचं कपाट उघडायला लावलं. खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळी ट्यूब निघाली.

ती जागेवर बसवली. प्रवाळ हिरवंगार झळकलं. नानासाहेब खुर्चीत बसले.

"चोरी झालीच नाही," सर्जेराव म्हणाले. "रंग उजेडाचा होता. उजेड गेला, रंग गेला. बिरू पाण्याला गेला तेवढ्यात तुम्ही ट्यूब बदललीत, मॅनेजर. का, तेही सांगतो. संध्याकाळी ही खिडकी रस्त्यावरून निळी दिसते. बंदच्या दिवसांत निळं दिसलं की लोक बाजू ठरवत होते. पंधरा दिवस मी रंग बघून दगड सुटताना पाहिलेत."

बद्रीनाथनं मान खाली घातली. काच फुटली असती, तो म्हणाला. आणि निळा उजेड काढला हे कळलं असतं, तर निळ्या झेंड्याचे निम्मे कामगार उखडले असते. म्हणून गप्प बसलो.

"आणि ह्याचं तोंड काळं होऊ दिलंत," सर्जेराव म्हणाले. त्यांना खरंच राग आला होता.

नानासाहेबांनी बिरूला पुन्हा कामावर ये म्हणून सांगितलं. बिरू हलला नाही.

"येतो मालक. पण चोर म्हणले ते फाटकावर, आन् माफी केबिनीत व्हय?"

पाळी सुटायची वेळ झाली होती. भोंगा वाजला. सगळे फाटकाकडे निघाले. बद्रीनाथ सर्वांत मागं होता. सर्जेरावांनी सुजल्या पायांनी थांबून त्याला पुढं घातलं.