सगळ्यात वरची पायरी

थर्झा मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते.

१८५७ सालचा मे महिना होता. हार्टलो गावात दरवर्षी स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी, झरे सजवतात. मोठ्या लाकडी फळ्यांवर ओली माती थापायची, तिच्यात फुलांच्या पाकळ्या एकेक करून दाबायच्या, चित्र तयार करायचं आणि ती फळी झऱ्यावर उभी करायची. अशा चालीरीती वहीत टिपून घेण्याचं मला वेड होतं. माणसाच्या धर्माची सुरुवात कुठून झाली यावर मला पुस्तक लिहायचं होतं. म्हणून मी डर्बीहून चालत आलो होतो.

कोठाराच्या दारात उभा राहून मी विचारलं, "तू हे कुठल्या देवासाठी करतेस?"

तिने मान वर केली. "आपली ओळख कधी झाली?"

"अजून नाही."

"मग हे 'तू' कुठून आलं?"

मला सांगावं लागलं. मी एलिहू थॉर्नबी, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचा. आम्ही सगळ्यांनाच तू म्हणतो. देवापुढे सगळे सारखे, म्हणून. कुणासमोर टोपीही काढत नाही.

"राणी आली तरी?"

"राणी आली तरी."

"मग तिलाही माझ्यासारखाच राग येत असेल."

"अजून भेट झालेली नाही."

ती हसली नाही. पण हसू दाबायला हात तोंडाशी नेला आणि गालाला माती लागली. मी ते तिला सांगितलं नाही.

"उभं राहून लिहिण्यापेक्षा बसा इथे," ती म्हणाली. "त्या टोपलीतल्या निळ्या पाकळ्या घ्या. आभाळ राहिलंय."

मी अर्धं आभाळ भरलं तेव्हा तिचं लक्ष गेलं. "अहो, वरून नाही! खालून वर जायचं. घरावर कौलं घालताना पाहिलं नाही कधी? पाऊस आला की पाणी एका पाकळीवरून दुसरीवर उतरलं पाहिजे. तुमच्या आभाळात ते आत शिरेल." आणि तिने माझं सगळं आभाळ खरवडून काढलं.

"आमच्या घरात फुलं नसतात," मी म्हणालो. "चित्रं नाहीत, गाणंही नाही."

"मग रविवारी देवळात करता काय?"

"देऊळ नाही. एका खोलीत बाकांवर गप्प बसतो."

"किती वेळ?"

"दोन तास. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो."

"आणि कुणालाच नाही वाटलं तर?"

"तर... घरी जाऊन जेवतो."

या वेळी मात्र ती हसली.

गुरुवारी पाद्री पहिल्या झऱ्यापाशी प्रार्थना म्हणू लागले. सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. मी काढली नाही. पगारी पाद्र्याच्या प्रार्थनेला टोपी काढायची नाही, हे मी चालायला लागलो त्या वयापासून शिकलो होतो. थर्झाचे वडील आयझॅक रॅग खाणीत दगड फोडायचे. त्यांनी एका फटक्यात माझी टोपी उडवली. "माझ्या बायकोला याच माणसाने माती दिलीय," ते म्हणाले. "त्याचा मान ठेव." मी टोपी उचलली, झटकली आणि पुन्हा घातली.

गर्दी पुढच्या झऱ्याकडे गेली तेव्हा थर्झा माझ्यापाशी थांबली. "राग नाही आला?"

"आम्ही रागवत नाही."

"रागवत नाही की दाखवत नाही?"

पुढच्या आठवड्यात मी परत आलो. मग दर आठवड्याला येऊ लागलो. वहीत लिहायला नवीन काही उरलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जुलैमध्ये मी तिला पुस्तकाचं एक प्रकरण वाचून दाखवलं. ती पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. माझ्या मते जगातले सगळे धर्म एका जिन्यावर उभे होते. तळाला बळी देणारे. वर मूर्ती पुजणारे. त्याच्या वर धूप, मेणबत्त्या आणि पाद्री असलेले.

"आम्ही तिथे का?" तिने विचारलं.

"साधारण."

"आणि सगळ्यात वर?"

"ज्यांना विधींची गरज उरली नाही ते. जे शांतपणे—"

"बाकांवर बसतात," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही. जगभरातली माणसं तपासलीत आणि सगळ्यात वर नेमकं तुमचंच घर निघालं!"

"हे मी पुराव्यावरून..."

"ही टोपी बघा. रोज तीच, त्याच कारणासाठी. उडवली तर झटकून पुन्हा डोक्यावर. एखाद्या दूरच्या बेटावर असा माणूस दिसला असता, तर त्या वहीत काय लिहिलं असतंत?"

मी गप्प बसलो.

"झाला विधी सुरू," ती वाटाण्यांना म्हणाली.

मी परतीची वाट चाललो ती तोच विचार करत. मी सगळं जग मोजलं होतं, पण पट्टी माझ्या आईच्या घरातून आणली होती. मला ते आवडलं नाही. तरी ते खरं होतं.

सप्टेंबरमध्ये मी तिला लग्नाचं विचारलं.

"कुठे?" तिने आधी तेच विचारलं.

अडचण तिथेच होती. आमची क्वेकरांची सभा बाहेरच्या मुलीचं लग्न लावत नाही. चर्चमध्ये पाद्र्यासमोर लग्न केलं, तर सभा यादीतून माझं नाव काढून टाकणार. आई दर रविवारी समोरच्या बायकांच्या बाकावर बसते. तिथून तिला माझी जागा दिसते.

"मला चर्चमध्येच हवं," थर्झा म्हणाली. "माझी आई त्याच अंगणात आहे. पण तुझी आई..." ती थांबली. "तू गप्प बसून ठरव. तुला तेच येतं."

तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं होतं.

"मी येतानाच गप्प बसलो होतो," मी म्हणालो.

"चालता चालता?"

"हो. वीस मैल."

ऑक्टोबरमध्ये लग्न झालं. चर्चमध्ये मी टोपी काढली. डोक्याला गार वारा लागला. ती टोपी धरून आयझॅक रॅग संपूर्ण वेळ उभे होते. कुणाचं तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखे.

पुस्तक चार वर्षांनी आलं. सगळ्यात वरची पायरी मी काढून टाकली होती. तरीही अनेकांनी लिहिलं की लेखक क्वेकर आहे हे पानापानावर कळतं. थर्झाही तेच म्हणायची. तिला जाऊन आता चार महिने झाले. आमचा संसार एकतीस वर्षांचा. त्यातलं एकच सांगायचं राहिलंय.

लग्नानंतर महिन्याभरात सभेची दोन वडीलधारी माणसं आमच्याकडे आली. बोलणारा केलब ॲशबी होता, माझ्या वडिलांचा स्नेही. त्याने मला लहानपणी खांद्यावर घेतलं होतं.

"एलिहू, नाव काढण्याआधी एक वाट असते," तो म्हणाला. "तू लिहून दे की पाद्र्याकडून लग्न लावलं ही माझी चूक झाली, मला पश्चात्ताप होतो. एवढंच. बायकोला सोड असं कुणी म्हणत नाही. तुझी आई दर रविवारी त्या जागेकडे बघते."

त्याने कागद टेबलावर ठेवला. थर्झा माझ्या मागे उभी होती.

"लिही," ती म्हणाली. "दोन ओळी तर आहेत. आई आहे ती." आणि स्वयंपाकघरात गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

आम्ही तिघे आमच्या रिवाजाप्रमाणे गप्प बसलो. आत किटली उकळली, थर्झाने ती उतरवली. मला आईचा चेहरा दिसत होता. लेखणी मी दोनदा शाईत बुडवली.

मग मी उठून उभा राहिलो.

"केलब, आपण कोर्टातही शपथ घेत नाही," मी म्हणालो. "कारण आपला प्रत्येक शब्द एरवीही खरा असायला हवा. हे मला तूच शिकवलंस. मी रोज सकाळी उठतो, तिला चूल पेटवताना बघतो आणि पश्चात्ताप शोधतो. खरंच शोधतो. तो सापडत नाही. उलट... मला इतकं बरं आयुष्यात कधीच वाटलेलं नाही. खोटं लिहून मी तुमच्यात कसा परत येऊ?"

केलबने डोळे पुसले. "नाही येऊ शकत," तो म्हणाला. "आईला काय सांगू?"

"हेच सांग. जसंच्या तसं."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, माझा हात हातात घेतला, दाबला आणि दोघे निघून गेले. पुढच्या महिन्यात सभेने माझं नाव काढून टाकलं.

मी वळलो तर थर्झा स्वयंपाकघराच्या दारात. डोळे लाल, पण आवाज नेहमीचा.

"हे सगळं त्या म्हाताऱ्याला सांगितलंस," ती म्हणाली. "मला एकदाही नाही."

"तू विचारलं नव्हतंस."

"आता विचारते."

मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं.