नववी पायरी

सकाळी सातला शेजाऱ्याचा फोन आला. "कंत्राटदारांच्या घरातले आजोबा जिन्यावरून पडलेत. श्वास नाही."

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा म्हातारा जिन्याच्या तळाशी पडला होता. मान मोडलेली. आवाज ऐकून धावत आलेला शेजारी तिथंच ठाण मांडून बसला होता. त्याने कुणाला कशालाही हात लावू दिला नव्हता.

म्हाताऱ्याचे पणजोबा गवंडी. पुढे बडे कंत्राटदार झाले. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी बांधलेलं हे घर म्हणजे त्यांचा नमुनासंचच होता. प्रत्येक खोलीची कमान निराळी, छत निराळं. गिऱ्हाइकाला घरभर फिरवायचं आणि विचारायचं, 'यातलं कुठलं हवं?'

"आणि हा जिना?" बाईंनी विचारलं.

"सतरा पायऱ्या. उंचीत केसाचाही फरक नाही," म्हाताऱ्याची मुलगी म्हणाली. पन्नाशीची, अविवाहित, सारा जन्म याच घरात गेलेला. "बाबांची दृष्टी जाऊन वीस वर्षं झाली. तरी कठडा न धरता उतरायचे."

"मग आज काय झालं?"

"वय झालं होतं."

"तुम्ही वर होता?"

"मी खालीच झोपते. काल संध्याकाळपासून वर पाऊल टाकलेलं नाही." तिने भावाकडे पाहिलं. "हा काल रात्री आला. बापलेकांचं चांगलंच वाजलं."

"कशावरून?"

"घरावरून," भाऊ पुटपुटला. "मग मी दिवाणखान्यातच झोपलो."

बहीण पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली; बाकीचे म्हाताऱ्याची खोली बघायला निघाले. अर्ध्या जिन्यात हवालदार अडखळला. "च्यायला!" मागोमाग बाईंचा अंगठा ठेचला. भाऊ तर गुडघ्यावरच आपटला.

थोड्या वेळाने ती पाणी घेऊन वर आली. हातात भरलेल्या पेल्यांचा ट्रे, नजर समोर. थेंबही सांडला नाही.

बाईंनी तिला येताना पाहिलं. मग खिशातून टेप काढली आणि एकेक पायरी मोजली.

"बाकी सगळ्या साडेसहा इंच," त्या म्हणाल्या. "नववी साडेसात, दहावी साडेपाच. नवव्या पायरीवर इंचभर फळी बसवलीय. स्क्रूंनी, म्हणजे ठोकण्याचा आवाज नको. वरून तोच रंग. रात्री आजोबा नीट वर गेले, म्हणजे फळी त्यानंतर बसली. नंतर काढायचा बेत असेल, पण शेजारी हलेना."

"मी नाही!" भाऊ ओरडला.

"नाहीच. तुम्ही तिथं आपटलात. ताई, या जिन्यावर तुमचे पाय पन्नास वर्षं सरावलेत. सगळ्यांत आधी तुम्ही अडखळायला हव्या होतात. तुम्ही मात्र नवव्या पायरीला पाय बरोबर इंचभर जास्त उचललात. ती पायरी वाढलीय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बहिणीने ट्रे खाली ठेवला.

"बाबा घराचं संग्रहालय करणार होते. सोमवारी सही होती. माझी खोली कुठली, विचारलं मी. म्हणाले, तुझ्या खोलीतलं छत सगळ्यांत देखणं आहे, ते लोकांना दाखवायचंय."

भाऊ तिच्याजवळ आला.

"ताई, सही मागच्याच महिन्यात झाली. मी साक्षीदार होतो. सोमवारी नुसत्या किल्ल्या द्यायच्या होत्या. तुला निदान एक खोली ठेवा, म्हणून काल भांडत होतो मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

हवालदाराने खाली जाऊन दार उघडलं. बाहेर जायच्या चपला शोधायला तिला बराच वेळ लागला.