घळीतली अंगठी

बायका पाण्यात उतरतात, बोटं गारठून आक्रसतात आणि अंगठी सटकते. मग काठावर रडारड, समुद्राने नेली म्हणून. नेतोय कसली डोंबलाची! सोनं जड असतं. लाट फुटते तिथून जरा पुढे वाळूत लांबट घळ असते, पाण्याचा जोर तिथे ओसरतो आणि जड ते सगळं तिथेच बसतं. गळाची शिसं सापडायला लागली की समजावं, सोनं शेजारीच आहे. दर हंगामाला ते आणखी खाली जातं, थेट शिंपल्यांच्या थराला टेकेपर्यंत.

बगळ्याला हे तोंडपाठ होतं. मांडीभर पाण्यात धातू हुडकायचा डिटेक्टर घेऊन तासन्‌तास उभा राहायचा, म्हणून ते नाव पडलेलं.

त्या सकाळी ओहोटीला यंत्र वाजलं. तो खणत गेला. फावडं शिंपल्यांवर खरडलं आणि त्याच्या जाळीत अंगठी आली. धुण्याआधीच त्याने ती ओळखली. बायकोला घट्ट व्हायला लागली तेव्हा सोनाराकडे कशाला, म्हणून त्याने स्वतःच कापून जोडली होती. सांधा वाकडा बसला. "तुमच्यासारखाच," असं ती येताजाता ऐकवायची.

पण अंगठी तर तिच्या बोटात होती. सकाळी तिने चहा दिला तेव्हा त्याने पाहिली होती.

बायको समुद्रात एकदाच उतरली होती, काही वर्षांपूर्वी. याच घळीत पाय गेला आणि दिसेनाशी झाली. त्याने बुडी मारून चाचपलं, हाताला हात लागला, ओढून काढलं. पूर्वी कडाकडा भांडायची. त्या दिवसापासून आवाज चढला नाही. मरण बघून आलेलं माणूस निवळतं, असं तो चारचौघांत सांगायचा. खरं सांगायचं तर तो इतका सुखात कधीच नव्हता.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बोटात अंगठी. वाकडा सांधाही दिसत होता.

"हात कर पुढे," तो म्हणाला.

तिने केला. डिटेक्टरची थाळी त्याने अंगठीवरून फिरवली. यंत्र गप्प. मग स्वतःच्या खिशावर धरली, तर ते किंचाळलं.

"काय सापडलं?"

"काही नाही. शिसं."

तिने टॉवेलची घडी पुरी केली. "ठेवून या मग जिथलं तिथे. घरात कशाला?"

भरती लागायच्या आत तो परत गेला. सकाळचा खड्डा बुजवायचा राहिला होता. खड्डा उघडा सोडायचा नाही, पोहणाऱ्याचा पाय अडकतो, हा डिटेक्टरवाल्यांचा नियम. त्याने श्वास धरला, पाण्याखाली वाकला आणि अंगठी दोन बोटांत धरून हात खड्ड्यात घातला, पार खांद्यापर्यंत.

खालून काहीतरी अंगठीत शिरलं. अलगद, बोट शिरतं तसं.

मग हात धरला गेला.

जोर नव्हता त्यात. झोपेतलं माणूस धरतं तसा धरलेला. अंगठ्याजवळ बायकोचा तो जुना भाजल्याचा व्रण लागला आणि त्याला रडू कोसळलं, पाण्याखालीच. ओढता आलं असतं. वाळूतून जड वस्तू काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्याला संध्याकाळचं घर आठवलं. तो मऊ आवाज.

त्याने एकेक बोट सोडवलं. वाळू लोटली. वर उभं राहून टाचांनी दाबली, चांगली घट्ट.

घरी तिने गरम पाणी काढून ठेवलं होतं. त्याचे हात पुसून देताना ती मनगटाशी थांबली.

"तिने धरला होता?"

त्याने हात ओढून घेतला.

"मलाही धरलं होतं तिने, त्या दिवशी," ती मायेने म्हणाली. "मग तुमचा हात खाली आला. मी आधी पकडला."