म्हातारीचा अडेल गिअर

“अडकला! परत अडकला!” शेपूट बोंबलत अंगणात आला.

शेपूट म्हणजे ठिणगीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे हा मागे असायचाच! ठिणगीने झारी रोपांपाशी ठेवली. आजोबांची जुनी पिकअप गुरगुरत, रखडत रोपवाटिकेच्या फाटकातून आत आली. घरात तिला सगळे म्हातारीच म्हणत. तिच्या गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबालाच होती. पहिला गिअर नीट पडे, पण दुसऱ्यात टाकायला जावं, तर दांडी मध्येच रुतून बसे.

काकाने उतरून दार आपटलं. “मिस्त्रीकडून निघताना गिअर लोण्यासारखा पडत होता! ओढ्याच्या मोरीवरच्या खड्ड्यात गाडी आपटली आणि झालं! गिअरबॉक्स गेलाय म्हणतो मिस्त्री. बाबा, संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय.”

आजोबा बॉनेटवरून हात फिरवत राहिले.

यंदा बाजारात रोपं नेताना क्लच आजोबा दाबणार आणि गिअर ठिणगी टाकणार, असं ठरलं होतं! पण सुट्टी लागताच आत्याचा मुलगा आला. त्याला यंत्रांतलं कळतं म्हणून सगळे त्याला पंडित म्हणत, आणि आजोबांशेजारची जागाही त्यालाच मिळे.

“थांबा मामा, मी बघतो!” पंडितने बॉनेट उघडलं, तो बंपरवर चढला, खाकरला आणि आत वाकला. “हं! खांबाच्या पायथ्याशी दोन सळया आहेत, त्याच गिअर हलवतात. टाका आता!”

काकाने दांडी ओढली. गिअर पडला!

“वा रे पठ्ठ्या!” आजोबा म्हणाले. “तुझा हात लागला की म्हातारी सुधारते!”

ठिणगीचा नुसता तिळपापड झाला. पण काकाने फाटकापर्यंत चक्कर मारली, उंबऱ्याच्या दगडावर चाक आदळलं आणि दांडी पुन्हा रुतली.

“बघितलंत? नाटकं आहेत तिची!” काका गाडी तिथेच उभी करून चहाला गेला.

ठिणगी शेपटाला घेऊन गोठ्यामागे गेली.

“मोठा आला पंडित!” ती फणकारली. “हा बघ, असा चढतो!” ती उलट्या बादलीवर चढली, खाकरली, उजव्या हाताने काहीतरी वर सारलं आणि वाकली. “हं! दोन सळया आहेत!”

शेपूट पोट धरून हसला. “आणि ते हाताने काय सारलंस?”

“तो सारतो ते.”

“काय सारतो पण?”

ठिणगी बादलीवर तशीच थांबली. आठवडाभर तिची नजर पंडितवरून हटली नव्हती. तो कसा खाकरतो, कसा वाकतो, सगळं तिला पाठ होतं. आत बघायला तो आधी काय सारायचा? घरी आला की मिस्त्रीसुद्धा तेच सारायचा!

“भोंगा!” ती ओरडली. “काकाचा नवा भोंगा!”

दूधवाल्याच्या गाडीला मोठा भोंगा आला, म्हणून काकाने त्याहून मोठा आणला होता. घाईघाईने स्वतःच बॉनेटखाली बसवलाही होता.

आता दांडी ओढायला कुणीतरी हवं होतं. शेपटाचा पाय क्लचला पुरत नव्हता. म्हणजे पंडित! त्याला सांगितलं तर शाबासकी परत तोच खाणार! ठिणगी पायाने माती उकरत राहिली. मग तिला आजोबांचा बॉनेटवरून फिरणारा हात आठवला.

“ए पंडित, चल,” ती जाऊन म्हणाली. “आणि बॉनेटमध्ये हात लावायचा नाही. कशालाच!”

इंजिन बंदच होतं. शेपटाने चाकांना दगड लावले. पंडितने क्लच दाबून दांडी ओढली. ती अडली! ठिणगी बंपरवरून डोकावली. भोंग्याची लोखंडी पट्टी सैल होऊन खाली झुकली होती आणि तिची कड बरोबर सळईवर टेकली होती. सळईवर घासल्याची चकचकीत रेघसुद्धा होती! तिने भोंगा वर धरला.

“ओढ!”

खट्! गिअर पडला.

पंडित उडी मारून खाली आला. “म्हणजे माझा हातगुण नव्हताच?” त्याचा चेहरा एवढासा झाला.

“हात तुझाच होता,” ठिणगी म्हणाली. “गुण भोंग्याचा!”

संध्याकाळी भंगारवाला आला, मिस्त्रीही आला. ठिणगीने भोंगा पुन्हा खाली झुकवला आणि सगळ्यांना बॉनेटपाशी बोलावलं. काका वाकला आणि त्याचा उजवा हात आपोआप पुढे गेला.

“काका, हात मागे!” तिन्ही मुलं एकदम ओरडली.

मग पंडितने दांडी ओढून दाखवली, ठिणगीने भोंगा उचलून दाखवला. मिस्त्रीने डोकं खाजवलं. “दरवेळी मी रोग बाजूला सारून रोग शोधत होतो की!”

“आणि तो लावला कुणी?” आजोबांनी विचारलं. काका आकाशातले ढग बघायला लागला.

मिस्त्रीने भोंगा दुसऱ्या बाजूला पक्का आवळला. भंगारवाला पाणी पिऊन रिकाम्या हाताने परत गेला.

“पोरी, तुला हे सुचलं कसं?” आजोबांनी विचारलं.

ठिणगी लाजली. “मी... पंडितवर जळत होते. म्हणून सारखी त्याच्याकडेच बघत होते.”

आजोबा खो खो हसले. “यंत्राकडे सगळेच बघत होते, बघणाऱ्याकडे फक्त तू! शाब्बास! चल, बस शेजारी.”

पंडित खिडकीशी सरकला, ठिणगी मध्ये बसली, शेपूट पंडितच्या मांडीवर. आजोबांनी क्लच दाबला. ठिणगीने दांडी ओढली. पहिला! मग दुसरा! फाटकाच्या दगडावर गाडी आदळली, तरी दांडी लोण्यासारखी सरकली.

“एकदा मला दे ना!” पंडित म्हणाला.

“परत येताना!”

मोरीपाशी दूधवाल्याची गाडी समोर आली. “पंडित, वाजव रे!” आजोबा म्हणाले. पंडितने हात लांब करून भोंगा वाजवला. दूधवाला दचकून बघतच राहिला!

ठिणगीही हसली. पण भोंगा आपल्याला वाजवायला मिळाला नाही, हे तिला जरासं लागलंच!