पाच नंबरची तिसरी गोळी

गावात माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकच मासा ज्यानं तीन वेगवेगळ्या नद्यांमध्ये पकडल्याचं सांगितलंय, त्याच्यावर ठेवूही नये.

पण हे घडलंय. माझ्याच बाबतीत.

शनिवार, १७ ऑक्टोबर १९८७. मॉन्टाना. ब्लॅकटेल गावामागची खडीची जुनी खाण.

आणि रात्र वगैरे नव्हती हो. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

त्या साली मला एल्कचा परवाना लागला होता. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. नऊ वर्षं सोडतीत नाव घालत होतो, दहाव्या वर्षी निघालं. हंगाम आठवड्यावर आला होता, आणि माझी बंदूक प्रत्येक काडतुसाशी भांडण काढून बसलेली.

साध्या हरणाला हलकी गोळी चालते. एल्कला जड लागते. हलकी त्याच्या खांद्याच्या हाडावर फुटते आणि जनावर जखमी होऊन डोंगरभर रक्त सांडत फिरतं. जंगलात आधी कोण समोर येईल सांगता येत नाही, म्हणून मला दोघांनाही पुरेल असं एकच काडतूस हवं होतं. दुकानातल्या चार जाती मारून बघितल्या. शंभर यार्डांवर तीन गोळ्या बशीभर जागेत पसरायच्या. मला हव्या होत्या नाण्याएवढ्या जागेत.

म्हणून मी लव्होनकडे गेलो.

तिचा नवरा थर्मन प्रुइट आदल्या ऑक्टोबरात गेला होता. गावातला सगळ्यात काटेकोर माणूस. काडतुसं घरीच भरायचा, दारूचा कण न् कण तोलून.

"वहिनी, थर्मननं भरलेली काही राहिलीत का?"

"राहिलीत. पण ऑर्लिन, नियम माहीत आहे ना तुला?"

माहीत होता. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतो. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. किती दारू घातलीय ते त्याचं त्यालाच ठाऊक. नळी फुटली की डोळे गेले.

"नुसती बघतो गं. मापं उतरवून घेतो."

"तू? आणि नुसतं बघणार?" ती हसली. "आयुष्यात एकदाच खरं बोललास, लग्नात चर्चमध्ये 'हो' म्हणालास तेव्हा. तेही तुझ्या वर्नानं कोपर मारल्यावर."

डबी दिली तिनं. पण देताना हात पटकन सोडला नाही.

"खाणीतच गेला रे तो. नेम धरायच्या टेबलावर डोकं टेकून. पाच प्रकार भरले होते. तीन मारून झाले... चार आणि पाच राहिले."

डबीत नऊ रिकाम्या पुंगळ्या होत्या. सहा भरलेली. बुडावर शाईनं आकडे घातलेले. तीनवर ४, तीनवर ५.

माझी गाडी बंद होती, म्हणून मेव्हण्यानं खाणीत सोडलं. रॉली त्याचं नाव.

"दाजी, पाचला येतो न्यायला. तोवर स्वतःच्या पायावर मारून घेऊ नका."

"तुझ्या बहिणीला सांग, रात्री पाय भाजून मिळेल."

"तुमचा? तो कुत्रंसुद्धा खाणार नाही."

गाडी गेली. धूळ बसली.

ही खाण म्हणजे तीन बाजूंनी खडीच्या उभ्या भिंती. पाय ठेवला की घसरणाऱ्या. बाहेर जायला एकच वाट, आणि ती टेबलाशेजारून जाते. टेबलापासून शंभर यार्डांवर निशाणाचा कागद टाचायची चौकट, चौकटीमागे मातीचा ढीग.

मी दुकानातली तीन मारली. पुन्हा बशी.

मग थर्मनची डबी उघडली. एक चार नंबर हातात घेतलं... आणि ठरवलं, आधी कागद बदलू.

कागदाकडे जाताना बंदुकीचा बोल्ट काढून खिशात टाकायची आमच्यात रीत आहे. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी दांडा. काडतुसाला टोचणारी सुई त्यातच असते. तो नसला की बंदूक म्हणजे नुसती काठी.

मी बोल्ट खिशात टाकला. चालत गेलो. नवा कागद टाचला.

आणि मागे आवाज आला...

खट्... खळ्ळ्.

बोल्ट ओढून बंद केल्याचा.

मी वळलो. टेबलाजवळ कुणीही नव्हतं. वाळूच्या पिशव्यांवर माझी बंदूक तशीच होती. नळी माझ्याकडे.

खिसा चाचपला. बोल्ट खिशात.

धाड!

माझ्या कानाशेजारी कागदाला भोक पडलं.

ढिगामागे कसा पोचलो, विचारू नका. पोट मातीला लावून पडलो.

धाड!

काही वेळ गेला. घाई नाही. नेम घेणाऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ.

धाड!

प्रत्येक बाराला खिशातला बोल्ट उसळत होता. जिवंत बेडकासारखा.

मग सगळं थांबलं.

वारा थांबला. टोळ थांबले. माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला.

"रॉली! मस्करी पुरे, गाढवा!"



दहा मिनिटं गेली. तीन मारले, आता नळी गार होऊ देत असणार. पळायची हीच वेळ. मी ढिगाबाहेर पाय टाकला...

खट्... खळ्ळ्.

पाय आत घेतला.

भिंत चढून बघितली. दोन हात चढलो, चार हात घसरलो. खडीचा आवाज संपायच्या आत पुन्हा तेच.

खट्... खळ्ळ्.

मला बाहेर जाऊ देणार नव्हता. पण मारतही नव्हता. कशाची तरी वाट बघत होता...

मग डोक्यात उजेड पडला. कागदाजवळ जो असेल त्यानं निकाल ओरडून सांगायचा असतो. मारणारा तिकडे बसून त्याचीच वाट बघतो. आणि टेबलावर डबी होती थर्मनची.

मी पडल्या पडल्या ओरडलो, "वा थर्मन! तिन्ही एकाच भोकातून!"

खिशात असा चटका बसला की मी किंचाळलो. बोल्ट तापला होता. चुलीतून काढल्यासारखा. फेकायला गेलो तर हातच लावता येईना.

"बरं बरं! मोजतो बाबा, मोजतो!"

गुडघ्यांवर रांगत पुढे गेलो. खिशातली मोजायची टेप भोकांना लावली. नळीचं काळं तोंड शंभर यार्डांवरून थेट माझ्या डोळ्यात बघत होतं.

"चार नंबर... अडीच इंच! एक वर गेलीय. वाईट आहे, थर्मन. माफ कर."

बोल्ट हळूहळू गार झाला.

ढिगामागे परतलो तोच सुरुवात झाली. पाच नंबर.

धाड!

धाड!

धाड!

बरोबर तीन. मोजले मी. आता काडतुसं संपली होती. निकाल सांगितला की सुटलो.

कागद बघितला. दोन नवी भोकं, एकमेकांना चिकटलेली. त्यांवर एक नाणं ठेवलं असतं तर दोन्ही झाकली असती. असा नेम मी आयुष्यात बघितला नाही.

पण दोनच.

तिसरं कागदावर नव्हतं. चौकटीच्या लाकडावर नव्हतं. त्याच भोकांतून गेली असेल म्हणावं, तर कडा साफ होत्या.

खोटं सांगावं? जीभ उचललीही होती. पण मांडीवरचा चटका अजून जळत होता.

"पाच नंबर!" मी ओरडलो. "दोन एकाला एक चिकटून! तिसरी... तिसरी दिसत नाही, थर्मन! आईची शप्पथ, खरं सांगतोय!"

बोल्ट गारच राहिला. खरं होतं ना.

मी वाट बघितली.

मग टेबलाकडून खडी वाजली...

चर्र. चर्र. चर्र.

कुणीतरी चालत येत होतं. सावकाश. स्वतः बघायला.

साहजिक आहे. ऑर्लिनच्या शब्दावर कोण थांबेल?

मी ढिगामागे अंग चोरून बसलो. मागे भिंत, पुढे ढीग. पावलं चौकटीशी थांबली. कागद फडफडला, वारा नसताना. मग लाकडावर बोटं फिरल्याचा आवाज. वरून खाली, खालून वर. भोक शोधतात तसा.

मग ढिगाची माती उकरल्याचा.

मग ढिगाला वळसा घालून... चर्र. चर्र.

माझ्यासमोर येऊन थांबली.

कुणीही नव्हतं. ऊन होतं नुसतं.

आणि माझ्या कपाळावर बोटं टेकली.

थंड. काटेकोर. कपाळ चाचपलं, गाल, गळा. एक खांदा, मग दुसरा. शर्टाच्या बटणांवरून खाली, परत वर. मला हलता येईना. ओरडता येईना. बोटं डाव्या बाजूला आली, गळ्याच्या हाडाखाली...

थांबली.

पुन्हा तिथेच फिरली. खात्री केल्यासारखी.

मग काहीतरी टोकदार तिथे गोल फिरलं.

भों भों करत रॉलीचा हॉर्न वाजला आणि मी हललो. पाच वाजले होते.

"दाजी, तिथं मागं काय करताय? अंडी घालताय का?"

मी उठून टेबलाकडे चालत गेलो. टेबलावर सहा रिकाम्या पुंगळ्या ओळीत उभ्या होत्या. रॉलीनं एक उचलली आणि पटकन सोडली.

"गरम आहे की. आत्ता मारलीत? पण... बोल्ट कुठंय?"

मी खिशातून काढून दाखवला.

त्या वर्षी मी शिकारीला गेलो नाही. परवाना कपाटात पिवळा पडला. रॉलीनं दुसऱ्या दिवशी ढीग पार चाळून काढला. ताज्या गोळ्या वजनावरून निवडल्या, तर चार नंबरच्या तीन मिळाल्या. पाचच्या दोन.

घरी आल्यावर वर्नानं शर्ट काढायला मदत केली.

"हे काय लावून घेतलंस छातीला?"

गळ्याच्या हाडाखाली एक बारीक गोल. पेन्सिलीचा. शर्टावर नाही, कातडीवर.

साबणानं घासलं. रॉकेलनं घासलं. डॉक्टर म्हणाला, जन्मखूण असेल. साठाव्या वर्षी आलेली जन्मखूण?

आता मी बराच म्हातारा झालोय. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून बघतो. नेम शिकणाऱ्या कुणालाही विचारा, पेन्सिलीनं गोल कधी काढतात. गोळी कुठे गेली ते सापडलं की, त्या भोकाभोवती.

गोल आहे...

भोक अजून नाही.